आद्याक्षरांचे रविवार

४ फेब्रुवारी

मॅडमनी आज एक वही दिली. ह्यांच्या तोंडून रोज कोणते शब्द आले, आपणहून आले की सांगितल्यावर आले, ते त्यात लिहायचं. मी घरी येऊन फूटपट्टीनं रकाने आखले. आजची नोंद: "नाही" अकरा वेळा. एक ते दहा आकडे, ओळीनं म्हटले तरच. आणि "अगं". ते मी मोजलं नाही.

रकान्यांत बाकीचं काही मावत नाही, म्हणून ही डायरी काढली. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ह्यांना दर वर्षी एक मिळायची आणि दर वर्षी ती कोरीच कपाटात जायची. ही नऊ वर्षांपूर्वीची आहे. तारखा बरोबर, वार सगळे चुकीचे. मला काय, मी ही कुणाला दाखवणार नाही.

झटका आला त्याला सव्वीस दिवस झाले. उजवा हात अजून जड आहे, पायात जीव आलाय. डोकं शाबूत आहे, समोरचा काय म्हणतो ते सगळं कळतं. फक्त शब्द सापडत नाहीत. मॅडम म्हणाल्या, शब्द गेलेले नाहीत, त्यांच्यापर्यंत जायचा रस्ता बंद झालाय. मॅडम आमच्या मुलीपेक्षाही लहान आहेत. इस्पितळात तळमजल्यावर शेवटच्या खोलीत बसतात, दारावर "वाचा-उपचार" अशी पाटी आहे.

इस्पितळातून सोडताना एक गंमत झाली. कागदावर माझं नाव लिहिताना कारकुनानं ळ च्या जागी ल लिहिला. नेहमीचंच आहे, मी म्हटलं, चालेल. हे मात्र पलंगावरून डावा हात हलवून सारखं "नाही, नाही" करायला लागले. नर्सला वाटलं कुठं दुखतंय, तिनं पाठीला उशी लावली.

७ फेब्रुवारी

चमचा हवा होता. "टेबल" म्हणाले. मी टेबल पुसलं. मग "खिडकी" म्हणाले. मी खिडकी लावली. आमटी निवून गेली तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमटी पुन्हा तापवली.

११ फेब्रुवारी

आज मॅडमनी घड्याळाचं चित्र दाखवलं. हे नुसते बघत बसले, कपाळावर घाम आला. मॅडम म्हणाल्या, "घ..." आणि ह्यांच्या तोंडून फटकन "घड्याळ" बाहेर पडलं. मग "क..." म्हटल्यावर "कंदील". "प..." म्हटल्यावर "पाटी". पहिलं अक्षर हातात दिलं की बाकीचा शब्द मागोमाग येतो. पुष्कळांच्या बाबतीत असं होतं, म्हणाल्या.

मला हसू आलं. मॅडमनी विचारलं म्हणून सांगितलं, की ह्या माणसानं जन्मभर हेच केलंय. कचेरीतून कुणी निवृत्त झालं की हे त्याच्या नावाची आद्याक्षरी करायचे. नावातलं एकेक अक्षर एकेका ओळीच्या सुरुवातीला. ती सुवाच्य अक्षरात लिहून, फ्रेम करून, निरोपाच्या दिवशी वाचून दाखवायचे. अशा एकवीस केल्या. कचेरीत सगळे ह्यांना "कवीसाहेब" म्हणायचे, थोडं कौतुकानं आणि बरंचसं चेष्टेनं.

हे सगळं चालायचं रविवारी. मी मशीनवर शाळेचे गणवेश शिवत बसलेली, हे टेबलाशी. दर पाच मिनिटांनी, "अगं, भ वरून एक चांगला शब्द सांग." मी टीप मारता मारता काहीतरी फेकायची. आठवड्यातला एक दिवस घरात, तोही परक्याच्या नावाला. किती रविवार गेले असतील असे. तेव्हा जीव वैतागायचा. आज मॅडमना सांगताना मात्र त्या मशीनचा आवाज ऐकू आल्यासारखा झाला, आणि खिडकीतून पडलेलं ऊन, आणि पेन्सिलला टोक करताना ह्यांनी जमिनीवर केलेला कचरा.

मॅडम म्हणाल्या, जे मनात पक्कं मुरलंय ते लवकर परत येतं. त्या कविता आणा.

शेवटी मॅडमनी ह्यांना विचारलं, "बायकोचं नाव काय?" ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि "अगं" म्हणाले. मॅडम हसल्या. लग्नाला अडतीस वर्षं झाली, ह्यांनी मला नावानं कधी हाक मारलेली नाही. त्यामुळे नाव विसरलेत की माहीत आहे, ते मला कळायचा काही मार्ग नाही.

१३ फेब्रुवारी

सगळी कपाटं उपसली. एकही कविता नाही. कच्चे कागदसुद्धा नाहीत. ज्याची त्याला देऊन टाकली, स्वतःजवळ एक ठेवली नाही. आता त्या एकवीस घरांच्या भिंतींवर आहेत, असल्या तर.

मुलीचा फोन आला होता. तिचं म्हणणं, तुम्ही दोघं इकडेच या, इथं मोठी इस्पितळं आहेत, तू एकटी किती करशील. मी म्हटलं, बघू.

१६ फेब्रुवारी

टायपिस्ट बाईंकडे गेले. त्यांच्या बैठकीच्या खोलीत, दारासमोरच फ्रेम लावलेली आहे. बाईंच्या नावात मधोमध ण आहे. ण वरून सुरू होणारा शब्द कुठून आणणार? ह्यांनी ती ओळ न वरून सुरू केली होती: "नजर न हलवता मिनिटाला साठ शब्द." आणि खाली बारीक अक्षरात: "टीप – श्री. ण रजेवर असल्याने त्यांच्या जागी श्री. न यांची तात्पुरती नेमणूक."

बाई अजून हसतात त्यावर. म्हणाल्या, निरोपाच्या दिवशी त्या रडत होत्या, ही टीप ऐकून रडता रडता हसल्या आणि हातातला चहा साडीवर सांडला. मग मला म्हणाल्या, "कवीसाहेब नेहमी सांगायचे, अक्षरं कचेरीची, शब्द घरून येतात." मी म्हटलं, बोलायची पद्धत असते. ओळी उतरवून घेतल्या आणि निघाले.

१७ फेब्रुवारी

सकाळी ती कविता घेऊन ह्यांच्यासमोर बसले. मी फक्त पहिलं अक्षर म्हणायची आणि थांबायची. दोन ओळी नुसतेच ओठ हलले. तिसऱ्याला मी "न" म्हटलं आणि हे म्हणाले, "नजर न हलवता."

तीन शब्द, एकापुढे एक, न अडखळता.

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच नळ सोडून उभी राहिले.

२७ फेब्रुवारी

दहा दिवस भटकते आहे. दुपारी हे झोपले की शेजारच्या काकूंना बसवून जाते.

ड्रायव्हर तात्यांनी कविता जेवणघरात लावली आहे, तिच्यावर फोडणीचा पिवळा थर आहे. दोनच ओळी.

*ताशी वीसच्या वर कधी गाडी नेली नाही,*
*त्यामुळेच आज आपण सगळे इथे आहोत.*

तात्या आता काठी घेऊन चालतात. म्हणाले, ताशी वीससुद्धा जमत नाही आता, कवीसाहेबांना सांगा. कचेरीतल्याच नानांची त्यांच्या सुनेनं माळ्यावरून काढून दिली:

*नाही म्हटलं नाही कुणाला, नाना तसे भोळे,*
*नाना निघाले, आज भरले नळांचेही डोळे.*

नाना स्वतः गेले, चार वर्षं झाली. आम्हाला कळलंही नव्हतं. सून सांगत होती, शेवटी शेवटी कुणी भेटायला आलं की ते ही फ्रेम दाखवायचे आणि मी कचेरीत कोण होतो ते यात लिहिलंय म्हणायचे.

घरी येऊन ह्यांना नाना गेल्याचं सांगितलं नाही. नुसतं "ना" म्हटलं. दोन्ही ओळी पूर्ण आल्या. खूश झाले, पुन्हा म्हणून दाखवल्या. मी मान हलवत राहिले.

५ मार्च

आज वाईट वागले. लिहून ठेवते.

सकाळपासून एक शब्द धड येईना. मी अक्षर द्यायची, हे तोंड फिरवायचे. तिसऱ्यांदा समोरची लिहायची पाटी ढकलली ती खाली पडून फुटली. मी ओरडले. म्हटलं, एकवीस जणांसाठी शब्द होते, त्या ताशी वीसवाल्या तात्यांसाठी होते, माझ्यासाठी चार ओळी कधी झाल्या नाहीत. आता दारोदार हिंडून तुमच्या कविता मीच गोळा करते आहे.

हे माझ्याकडे बघत राहिले. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. डाव्या हातानं हवेत काहीतरी गोल गोल काढलं, दोनदा. मला वाटलं, जाऊ दे म्हणतायत. मग डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायला उजवा हात वर न्यायचा प्रयत्न केला, तो अर्ध्यावर राहिला.

मी पुसलं. माफी मागितली नाही. उद्या नवी पाटी आणायची.

९ मार्च

मुलगी म्हणते, जूनमध्ये ती स्वतः येऊन आम्हाला घेऊन जाईल. तोवर किती सुधारणा होते ते बघू, पण फार आशा धरू नकोस. मशीन विकून टाक म्हणाली. तिचं चुकत नाही. तिला आईबाप दोन्ही सांभाळायचे आहेत, आणि फोनवर बाबा तिला नुसतं "नाही, नाही" म्हणतात. परवा तर तिनं "जेवलात का" विचारलं आणि हे "मंगळवार" म्हणाले. ती रडत असावी, फोन लवकर ठेवला.

१८ मार्च

स्टोअरकीपरच्या घरी गेले. ते आता नाहीत, त्यांच्या पत्नी आहेत. कविता कुठंच सापडेना. बाई ओशाळल्या. मग त्यांना आठवलं, ती फ्रेम चांगली होती म्हणून तिच्यात नातवाचा फोटो घातलाय. मागचे खिळे काढले तर फोटोच्या पाठीशी कविता जशीच्या तशी, कागद जरा पिवळा पडलेला.

स्टोअरकीपरच्या नावात झ होता. ती ओळ अशी:

*झुरळसुद्धा स्टोअरात नोंद करून शिरायचं.*

मी वाचली आणि मोठ्यानं हसले. तो रविवार मला लख्ख आठवतो. शाळा सुरू व्हायला आठ दिवस, चाळीस गणवेश राहिलेले, आणि हे विचारत होते, झ वरून सांग. मी रागानं "झुरळ" म्हटलं होतं. ह्यांनी मुकाट्यानं लिहून घेतलं होतं.

बाईंना सांगितलं तर त्याही हसल्या. म्हणाल्या, "आमचे हे सगळ्यांना हीच ओळ म्हणून दाखवायचे. म्हणजे ती तुमची होय?" मी म्हटलं, माझी कसली, मी फक्त झुरळ म्हटलं.

बाईंनी फोटो पुन्हा आत घालून खिळे ठोकले. कविता मला देत होत्या. मी म्हटलं, राहू दे आत, मी उतरवून घेतलीय.

२५ मार्च

आजवर चौदा मिळाल्या. मॅडमच्या वहीत आता रकाने पुरत नाहीत. "पाणी", "चहा", "दार लाव", "बस". काही आपणहून येतात. पण दोन शब्दांच्या पुढे गाडी जात नाही. कवितेच्या ओळी धडाधड येतात, बोलायचं म्हटलं की पुन्हा भिंत.

२ एप्रिल

उरलेल्या सात जणांचा पत्ता लागेना म्हणून जुन्या शिपायाकडे गेले. कचेरीत असतानाच तो फावल्या वेळात फ्रेमा करायचा. आता बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं काचेचं छोटं दुकान आहे. केस पांढरे झालेत, चष्मा जाड झालाय, पण काच कापताना हात जराही हलत नाही. मला बघून कामावरून उठला, स्टूल पुसून दिलं. सगळ्या एकवीस फ्रेमा त्यानंच केलेल्या. कोण कुठं राहतं ते त्याला तोंडपाठ आहे.

मग म्हणाला, "वहिनी, बाविसावी माझ्याकडेच आहे." आणि फळीवरून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक फ्रेम काढली. सागवानी, कोपरे नक्षीचे, बाकीच्यांपेक्षा भारी. रिकामी. म्हणाला, तेरा वर्षांपूर्वी कवीसाहेबांनी माप देऊन करून घेतली. उद्या कागद आणतो म्हणाले. मग रोज उद्या. एकदा त्यानं विचारलं तर म्हणाले, एक अक्षर अडलंय.

"मी म्हटलं, टायपिस्ट बाईंना केलं तसं करा की. बदलीवर दुसरं अक्षर घ्या. तर म्हणाले, कचेरीत बदली चालते, घरात चालत नाही. मला काही कळलं नाही. मी फ्रेम ठेवून दिली."

मी घेऊन आले. वाटेत हिशेब केला. तेरा वर्षांपूर्वी मोठ्या साहेबांची बदली झाली होती, त्यांच्यासाठीच असणार. हे त्यांना फार मानायचे. साहेबांसाठी नक्षीचे कोपरे! मला जरा लागलंच. फ्रेम कपाटामागे सारून ठेवली, ह्यांना दाखवली नाही.

८ एप्रिल

आज मॅडमनी मुळाक्षरांचे पत्ते काढले. प्रत्येकावर एक अक्षर आणि त्यावरून सुरू होणाऱ्या वस्तूचं चित्र. क ला कमळ, ग ला गवत, असं करत गेले, बहुतेक सगळी नावं ह्यांनी सांगितली. ण च्या पत्त्यावर बाण होता, ळ च्या पत्त्यावर बाळ. मॅडम म्हणाल्या, "ह्या दोघांवरून शब्दच सुरू होत नाहीत, ही आपण सोडून देऊ." आणि दोन्ही पत्ते बाजूला ठेवले.

ह्यांनी डावा हात लांब करून ळ चा पत्ता पुन्हा ओढून घेतला. माझ्याकडे बघितलं. मॅडमनी हात पुढं केला तरी सोडेनात. बाहेर पुढचा पेशंट थांबला होता. मी म्हटलं, अहो, द्या तो, उशीर होतोय. पत्ता हातातून काढून घ्यावा लागला.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. दोन थांबे गेले असतील. मग मला कळलं.

मी एवढी अडाणी कशी? अडतीस वर्षं शब्द पुरवले मी ह्या माणसाला. तेरा वर्षांपूर्वी साहेबांची बदली झाली, तशीच आमच्या लग्नाला पंचवीस वर्षंही झाली होती.

घरी आल्यावर ह्यांना खुर्चीत बसवलं, कपाटामागून फ्रेम काढून मांडीवर ठेवली आणि विचारलं, "ही माझी होती?"

हो अशी मान हलवली.

"ळ वर अडलं?"

हे हसले. जानेवारीनंतर पहिल्यांदा आवाज काढून हसले. मग पाटी जवळ ओढून डाव्या हातानं दोन वाकडी वेटोळी काढली, शेजारी शेजारी. ळ. त्या दिवशी हवेत काढत होते ते हेच होतं.

मी म्हटलं, "ल लावायचा होता की. मला कुठं कळणार होतं?"

"नाही," हे म्हणाले. रोज पन्नासदा म्हणतात तसलं ते "नाही" नव्हतं. मॅडमच्या वहीत मी ते लिहिलेलं नाही.

९ एप्रिल

ळ च्या आधीच्या ओळी झाल्या होत्या का, असं आज विचारलं. झाल्या होत्या. बोटं दाखवली. मी माझ्या नावाचं पहिलं अक्षर दिलं आणि थांबले. ह्यांनी खूप प्रयत्न केला. मानेच्या शिरा ताठ झाल्या. एक "म्ह" असा आवाज आला, पुढं काही नाही. कुठं लिहून ठेवली नाही ना, विचारलं. नाही.

मीच म्हटलं, राहू द्या. चहा टाकते.

नंतर मशीनवर बसले पण दोरा ओवता येईना. रागावून फेकलेले सगळे शब्द ह्यांनी वापरले. झुरळसुद्धा वाया घालवलं नाही. आणि मी त्यांच्या पाठीकडे बघत बसायची, आणि मनात म्हणायची, ह्या माणसाचं माझ्याकडे लक्ष नाही.

फ्रेम भिंतीला लावली आहे. रिकामीच. शेजारच्या काकूंनी विचारलं, फोटो कुणाचा लावणार? मी म्हटलं, अजून ठरलं नाही.

१२ मे

एकवीसपैकी एकोणीस मिळाल्या. दोन कायमच्या गेल्या, एक घर बदलताना आणि एक वाळवीनं. मुख्य म्हणजे आता माणसंच घरी येतात. तात्या आणि टायपिस्ट बाई दर गुरुवारी येऊन बसतात. तात्या एकटेच बोलतात, हे ऐकतात, आणि तात्या एखादं नाव विसरले की हे सांगतात. परवा एका जुन्या पंपाचं नाव तात्यांना आठवेना. ह्यांनी सांगितलं. तात्या म्हणाले, झटका नक्की कुणाला आला होता?

२४ मे

मॅडमची दुसऱ्या इस्पितळात बदली झाली. चार जून हा शेवटचा दिवस. त्यांच्या जागी अजून कुणी नेमलेलं नाही. त्या म्हणाल्या, आता घरीच चालू ठेवा, तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं जमतं. मी म्हटलं, मला काय येतं, मी शिवणकाम करणारी बाई.

मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, मग आता तिथं राहण्यात काय अर्थ आहे? तेही खरंच. ती एक तारखेला येते आहे. मी पुढच्या वर्षीचे गणवेश मला शिवायला देऊ नका म्हणून शाळेला कळवलं.

ह्यांनी आज दुपारी पाटीवर लिहून दाखवलं: मॅ. खाली ड. खाली म.

२९ मे

मॅ वरून तीन दिवस काही मिळेना. मी "मॅच" म्हटलं, "मॅनेजर" म्हटलं. हे नाही अशी मान हलवतात. शेवटी "मॅट्रिक" म्हटलं तेव्हा टेबलावर थाप मारली. ओळ अशी झाली. शब्द मी एकेक पुढं करत गेले, हे घेत गेले किंवा टाकत गेले.

*मॅट्रिक झालेल्या माणसाला पुन्हा पहिलीत बसवलं,*

ड ची आज झाली:

*डोक्यात अडकलेलं एकेक अक्षर ओठांवर आणलं,*

पहिल्या ओळीत एक शब्द जास्त आहे असं मला वाटतं. ह्यांना वाटत नाही.

३ जून

आज रविवार. डायरीत बुधवार छापलाय.

मुलगी परवा आली. गुरुवारी निघायचं ठरलंय. सकाळपासून ती आतल्या खोलीत सामान बांधत होती, काय न्यायचं, काय द्यायचं ते अधूनमधून ओरडून विचारत होती. मी मशीनवर होते. शेवटचे सहा गणवेश, त्यांच्या दुमडी घालायच्या राहिल्या होत्या. हे टेबलाशी. मॅडमना कविता उद्या द्यायची आणि म ची ओळ अजून कोरी.

मी टीप मारत म्हटलं, "मनापासून आभार मानतो तुमचे आम्ही दोघं. छान वाटतं."

"मनापासून नको," हे म्हणाले. "ते सगळेच लिहितात."

मला रागच आला. मी मशीन न थांबवता म्हटलं, सगळे लिहितात ते बरोबर असतं म्हणूनच लिहितात. आठ दिवस झाले, एक शब्द पसंत पडेल तर शपथ. मग तुम्हीच सांगा काय लिहायचं ते. हे म्हणाले, "साधं पाहिजे." मी म्हटलं, मनापासूनहून साधं काय असतं?

वर बघितलं तर मुलगी दारात उभी. हातात आमचा स्टीलचा मोठा डबा, गालांवरून पाणी वाहतंय.

"आई, बाबा बोलले."

मी म्हटलं, "बोलले कसले, भांडले."

असं मी म्हणाले खरं, पण मग माझा पाय मशीनच्या पायडलवरच थांबला. सुई कापडात तशीच रुतलेली. हे आम्हा दोघींकडे बघत होते, काय झालं ते त्यांना कळेना. त्यांच्या दृष्टीनं ओळ अजून झाली नव्हती, आणि आम्ही वेळ घालवत होतो.

मुलगी आत गेली. थोड्या वेळानं कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, मग भांडी फळीवर ठेवल्याचा, एकेक करून. चहाच्या वेळी बाहेर येऊन एवढंच म्हणाली, की दर महिन्याला ती चार दिवस येऊन राहील, आणि ह्या टेबलाला एक बरी खुर्ची हवी.

आम्ही चार वाजेपर्यंत भांडलो. मी "माणसात आणलंत" म्हटलं, ते नको. "मुक्याला वाचा" म्हटलं, तर स्वतःकडे बोट करून "मुका नाही" म्हणाले. "मदत", "मार्ग", "मेहनत", सगळं नको. मुलगीसुद्धा दोन शब्द सांगून बघून गेली, तिचेही नापास झाले. शेवटी मी कंटाळून नुसतं "मग" म्हटलं, म्हणजे मग आता काय करू, अशा अर्थानं. हे तिथंच थांबले. पाटीवर डाव्या हातानं "मग" लिहिलं. डोळे मिटले. मी पुढचे शब्द पुढं करत गेले, "राहिलेले", "उरलेले", "शब्द", ह्यांनी दोन घेतले, एक टाकला. त्यानंतर मला काही सुचेना आणि मी गप्प झाले. मशीनही बंद होतं.

ओळ अशी झाली:

*मग राहिलेले शब्द पुढच्या टपालाने येतील.*

त्यातला "टपाल" हा शब्द त्यांचा. मी सांगितला नव्हता. त्याचं अक्षरही दिलं नव्हतं.